ऑफिसच्या फोनवरचा निरोप चार-पाच मोबाइलवर कसा पोचवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांची ऑफिसं, दवाखाने, वर्कशॉप यांचे फोन बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं हा माझा धंदा. ठाण्यातलं वागळे इस्टेट, घोडबंदर रोड आणि नवी मुंबईत ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतचा एमआयडीसीचा पट्टा, एवढं माझं फिरणं. सगळीकडे एक मागणी हटकून येते. ऑफिस बंद असताना कोणी फोन केला तर निरोप रेकॉर्ड व्हावा आणि तो सेक्रेटरी, प्लंबर, पंपवाला, वॉचमन अशा सगळ्यांच्या मोबाइलवर आपोआप जावा. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवलंय. लोक विचारतात त्याच भाषेत प्रश्न ठेवले आहेत.

मोबाइलचं कॉल फॉरवर्ड वापरलं तर नाही का होणार?

नाही. फॉरवर्ड एका वेळी एकाच नंबरवर होतं. फोन उचलला नाही तर एक नंबर, एंगेज असेल तर दुसरा, रेंजमध्ये नसेल तर तिसरा असे वेगवेगळे नंबर देता येतात, पण आलेल्या कॉलला त्यातली एकच वाट मिळते. शिवाय पुढे जातो तो कॉल, निरोप नाही. पलीकडच्यानं उचलला नाही तर हातात काहीच उरत नाही.

कोड दाबून फॉरवर्ड लावायची जुनी सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट. दूरसंचार विभागाच्या आदेशानं १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारख्या यूएसएसडी कोडवरून कॉल फॉरवर्ड करणं थांबवलं गेलं. ‘तुमचं सिम बंद होणार आहे, हा कोड दाबा’ असं सांगून भामटे लोकांचे कॉल स्वतःकडे वळवत होते आणि फोनवर येणारे ओटीपी ऐकत होते. असा कोड दाबायला कोणी सांगितलं तर दाबू नका. फोन मिस्त्री बोलतोय म्हणाला तरीही नाही.

मग लागतं काय?

निरोप रेकॉर्ड करणारी व्हॉइसमेलची पेटी, बाहेर फोन लावू शकेल अशी लाइन आणि नंबरांची यादी. हे जमवायचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं मशीन. त्यात व्हॉइसमेल कार्ड असेल तर निरोप रेकॉर्ड होतो, पण बऱ्याच जुन्या मशीनांमध्ये ‘निरोप आलाय’ हे फक्त टेबलावरच्या फोनचा दिवा किंवा तुटक डायल टोन सांगतो. रात्री कुलूपबंद ऑफिसात तो दिवा कोण बघणार? म्हणून मशीन विकत घेताना किंवा दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा: निरोप आल्यावर हे मशीन स्वतःहून बाहेर फोन लावतं का, आणि लावत असेल तर एका पेटीमागे किती नंबरांना?

दुसरा रस्ता आयपी पीबीएक्सचा, म्हणजे तेच काम कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून करणाऱ्या सिस्टीमचा. ॲस्टेरिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी लिहायला घेतलं, आणि आज छोट्या-मोठ्या कित्येक सिस्टीम त्याच्यावर उभ्या आहेत. एक साधा कॉम्प्युटर त्याला पुरतो. त्यात एकच निरोप एका वेळी अनेक पेट्यांत टाकता येतो. फ्रीपीबीएक्स हा त्याचा ब्राउझरमधून चालवायचा अवतार, त्यात या सोयीला ‘व्हीएम ब्लास्ट’ म्हणतात. पण सावधान, ब्लास्ट म्हणजे पेट्यांमध्ये वाटप. मोबाइल वाजवायचं काम वेगळं लावावं लागतं.

तिसरा रस्ता क्लाउडचा. एक व्हर्च्युअल नंबर घ्यायचा, ऑफिसात यंत्र काहीच नाही, सगळी मांडणी वेबसाइटवरून करायची. सोसायटीला मी डोळे झाकून हाच सुचवतो, कारण सोसायटीत यंत्राची काळजी घेणारं कोणी नसतं. रात्रपाळी असलेल्या कारखान्यात इंटरकॉमसकट सगळं हवं असतं, तिथे आयपी पीबीएक्स बरा.

‘निरोप पोचला’ म्हणजे नक्की काय झालं?

हे आधी ठरवा, कारण विकणारे प्रत्येक प्रकाराला ‘डिलिव्हरी’च म्हणतात. मोबाइल वाजला, उचलला आणि निरोप कानाने ऐकला, हा एक प्रकार. ‘तुमच्या पेटीत नवा निरोप आहे’ असा एसएमएस आला, हा दुसरा. ई-मेलला रेकॉर्डिंग जोडून आलं, हा तिसरा. हिशेब, चौकशी, ऑर्डर असल्या निरोपांना ई-मेल उत्तम, सकाळी चहा घेताना ऐकता येतो. टाकी ओसंडून जिन्यात पाणी आलं असेल तर फोन वाजलाच पाहिजे. दोन्ही एकाच यादीत कोंबू नका, दोन वेगळ्या पेट्या करा.

सगळ्यांना एकदम फोन लावायचा की एकामागून एक?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

सगळे म्हणतात एकदम लावा, म्हणजे कोणीतरी उचलेलच. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत मी आधी तसंच लावून दिलं होतं. कमिटीचे सात जण, सातही नंबर एकदम. पहिल्याच महिन्यात रात्री साडेअकराला लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक आजोबा आणि नात. निरोप रेकॉर्ड झाला, सातही फोन वाजले, पाच जणांनी निरोप पूर्ण ऐकला. आणि कोणीही लिफ्टवाल्याला फोन केला नाही. चेअरमनना वाटलं सेक्रेटरी बघतील. सेक्रेटरींना वाटलं बी विंगचे मेंबर खालीच राहतात, ते गेले असतील. खाली राहणाऱ्या मेंबरांना वाटलं इतक्या जणांना फोन गेलाय म्हणजे कोणीतरी निघालंच असेल. शेवटी नातीनंच लिफ्टच्या फटीतून हाका मारल्या आणि वॉचमनला ऐकू गेल्या. यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. चूक माझ्या मांडणीची होती. निरोप किती जणांना पोचला एवढंच मी बघितलं होतं, तो कोणी अंगावर घेतला हे विचारायची सोयच ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी ‘१ दाबा’ लावल्याशिवाय काम पुरं झालं म्हणत नाही. फोन उचलल्यावर सिस्टीम आधी निरोप ऐकवते, मग विचारते: ‘हे काम तुम्ही बघत असाल तर १ दाबा, पुढच्याकडे पाठवायचं असेल तर २ दाबा.’ १ दाबला की उरलेल्यांचे फोन थांबतात, आणि ज्यांनी आधीच निरोप ऐकलाय त्यांना एक छोटा एसएमएस जातो की अमक्यांनी काम घेतलं आहे. हा एसएमएस फालतू वाटतो, पण तोच गेला नाही तर तीन जण चपला घालून खाली येतात आणि पुढच्या वेळी एकही येत नाही.

क्रमाचं म्हणाल तर मी टप्पे करतो. पहिल्या टप्प्यात दोन नंबर एकदम, सहसा वॉचमन केबिन आणि त्या आठवड्याचा जबाबदार मेंबर. दोन मिनिटांत कोणी १ दाबला नाही तर पुढचे दोन. तरीही नाही तर सगळे. जबाबदार मेंबर दर आठवड्याला बदलतो, म्हणजे एकाच माणसाची झोप वर्षभर मोडत नाही.

आमच्याकडे एकच लाइन आहे. तिच्यावर सहा जणांना एकदम फोन जाईल?

एका साध्या लँडलाइनवर किंवा एका सिमवर एका वेळी एकच बोलणं चालतं. सहा नंबरांना प्रत्येकी अर्धा मिनिट रिंग धरली तरी शेवटच्याचा फोन वाजायला अडीच मिनिटं जातात, आणि मधल्या कोणी निरोप ऐकत बसलं तर आणखी. त्याहून वाईट म्हणजे तेवढा वेळ लाइन एंगेज असते. दुसऱ्या कोणाला निरोप ठेवायचा असेल तर त्याला ‘टूं टूं टूं’ ऐकू येतं.

पीआरआय म्हणजे टेलिफोन कंपनीची मोठी डिजिटल लाइन, तिच्यावर एका वेळी ३० बोलणी होतात. सिप ट्रंक म्हणजे इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून येणारी लाइन, तिच्यावर जेवढे चॅनेल घ्याल तेवढी. वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपला पीआरआय म्हणजे चहाच्या टपरीला लग्नाचं पातेलं. चार चॅनेलची सिप ट्रंक भरपूर झाली. एक लाइन येणाऱ्या कॉलसाठी मोकळी राहील एवढं बघा.

चार जणांना निरोप जातो, दोघांना जातच नाही. नंबर बरोबर आहेत.

बहुतेक शून्याचा घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणं सक्तीचं झालं. माणूस हाताने फोन करताना ते आपोआप करतो, यंत्राच्या यादीत मात्र कोणी दहा आकडे टाकतो, कोणी अकरा. त्यातच ईपीएबीएक्सला बाहेरची लाइन पकडायला बऱ्याच ठिकाणी आधी ० दाबावा लागतो. म्हणजे नंबरापुढे दोन शून्यं हवीत, पहिलं लाइनसाठी आणि दुसरं मोबाइलसाठी. ज्यांच्या नंबरापुढे एकच शून्य आहे, त्यांचं ते लाइन पकडण्यात खर्च होतं आणि पुढचा नंबर अर्धवट ठरतो.

महाप्यातल्या एका कारखान्यात मी या दोन शून्यांसाठी दोन तास घालवले आहेत. मालक फक्त ‘वायर तपासा, वायर तपासा’ म्हणत होते. सिप ट्रंकवर ०, +९१ की नुसते दहा आकडे हे ट्रंक देणाऱ्यावर ठरतं, त्यांच्याकडून लेखी मागून घ्या आणि सगळी यादी एकाच साच्यात भरा.

निरोप मधूनच सुरू होतो. पहिलं वाक्य ऐकूच येत नाही.

तुमच्याकडे साधी लँडलाइन असणार. पलीकडच्यानं फोन उचलला हे अशा लाइनवर यंत्राला नीट कळत नाही. सिप आणि पीआरआयवर उचलल्याचा स्पष्ट संकेत येतो. लँडलाइनवर यंत्र अंदाज बांधतं की रिंग थांबली, आवाज आला, म्हणजे माणूस आला. आणि आपल्याकडे रिंगच्या जागी असतात कॉलर ट्यून. यंत्र गणपतीच्या आरतीला माणूस समजतं आणि तिला निरोप ऐकवायला लागतं. खरा माणूस उचलतो तोवर अर्धा निरोप वाजून गेलेला असतो.

खरा इलाज म्हणजे लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल मागून घेणं. समोरच्यानं उचलताच एक्स्चेंज लाइनच्या दोन तारांची धन-ऋण बाजू उलटवतं आणि तेवढ्यावरून यंत्राला कळतं. पूर्वी एसटीडी-पीसीओवाल्यांचं मीटर याच संकेतावर चालू व्हायचं, म्हणून जुन्या लाइनमनला हा शब्द लगेच समजतो. ते होत नसेल तर स्वस्तातला इलाज आहे: निरोप आपण होऊन वाजवायचाच नाही. ‘ऑफिसचा तातडीचा निरोप आहे, ऐकण्यासाठी १ दाबा’ हे एवढंच वाक्य पाऊण मिनिट पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचं. कोणी १ दाबला तरच निरोप. आरती १ दाबत नाही, आणि ‘आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती’ म्हणणारी बाईही दाबत नाही.

१ दाबला तरी सिस्टीमला कळत नाही.

बटण दाबल्यावर जो ‘पीं’ आवाज होतो तो दोन सुरांचा मिळून असतो. तो बोलण्याच्याच आवाजात मिसळून पाठवला आणि वाटेत आवाज दाबून लहान करणारा जी ७२९ सारखा कोडेक असला तर ते सूर बिघडतात आणि यंत्राला ओळखू येत नाहीत. सेटिंगमध्ये डीटीएमएफ (म्हणजे हेच बटणांचे सूर) ‘आरएफसी २८३३’ किंवा ‘आरएफसी ४७३३’ वर ठेवा, म्हणजे बटणाची माहिती आवाजापासून वेगळी जाते. दोन्ही टोकांना सेटिंग एकच हवं, ट्रंक देणाऱ्याकडेही. तसं जमत नसेल तर कोडेक जी ७११ करा, त्यात आवाज दाबला जात नाही.

रात्री सगळ्यांचे फोन सायलेंट असतात. मग उपयोग काय?

दोन गोष्टी करा. एक, सिस्टीमचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नावानिशी सेव्ह करून फेव्हरिटमध्ये टाका, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ असताना फेव्हरिटना परवानगी द्या. दोन, पुन्हा डायल करण्याची वेळ जुळवा. आयफोनमध्ये एकाच नंबरावरून तीन मिनिटांच्या आत दुसरा फोन आला तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ असूनही तो वाजू देण्याची सोय आहे, अँड्रॉइडमध्ये ही मुदत पंधरा मिनिटांची. सिस्टीम दर पाच मिनिटांनी फोन लावत असेल तर अँड्रॉइडवाले उठतात आणि आयफोनवाले झोपून राहतात. म्हणून मी दुसरा फोन दोन मिनिटांनी लावतो. ही सोय दोन्हीकडे सेटिंगमध्ये चालू असल्याची खात्री करा.

यासाठी बाहेर जाणारा नंबर दर वेळी तोच दिसला पाहिजे. चार सिम घालून फोन लावणाऱ्या डब्यावर, म्हणजे गेटवेवर, दर वेळी वेगळ्या सिमवरून फोन जातो, तिथे हे सगळं मुसळ केरात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली की झालं. हा सगळा खटाटोप कशाला?

दिवसा खरंच झालं. पण निरोप ठेवणारा माणूस ग्रुपमध्ये असेलच असं नाही. भाडेकरू असतो, कुरिअरवाला असतो, शेजारच्या बिल्डिंगची बाई असते जिला तुमच्या गच्चीवरून धूर दिसतोय. आणि ग्रुप रात्री म्यूट असतो, तुमचाही असेल. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर ती २५६ जणांपर्यंत चालते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. ज्यांना पोचलं नाही ते मुद्दाम उघडून बघितल्याशिवाय तुम्हाला कळत नाही.

पेटीत एका सकाळी ४३ निरोप होते आणि सगळे एकच वाक्य बोलत होते!

हे एका दवाखान्यात माझ्याच डोळ्यांदेखत झालं. ऑफिसचा फोन उचलला नाही की निरोप रेकॉर्ड होऊन डॉक्टरांच्या मोबाइलवर जायचा. डॉक्टरांनी स्वतःच्या मोबाइलवर ‘उचलला नाही तर दवाखान्याच्या नंबरवर’ असं फॉरवर्ड लावून ठेवलं होतं. रात्री डॉक्टर झोपले, सिस्टीमचा फोन फिरून सिस्टीमकडेच आला, तिनं स्वतःचाच ‘नवीन निरोप आहे’ हा आवाज नवा निरोप म्हणून रेकॉर्ड केला आणि डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. असं पहाटेपर्यंत. यादीतल्या प्रत्येकाचं फॉरवर्ड तपासा, आणि स्वतःच्या नंबरावरून आलेला कॉल रेकॉर्ड करू नये अशी अट सिस्टीममध्ये घाला.

स्वागताचं वाक्य कसं असावं?

छोटं. ‘आपल्या कॉलबद्दल धन्यवाद, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे ऐकेपर्यंत टाकी रिकामी होते. मी साधारण असं रेकॉर्ड करून घेतो:

‘सोसायटीचं ऑफिस आत्ता बंद आहे. आग किंवा गॅसचा वास असेल तर फोन ठेवा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. लिफ्ट, पाणी किंवा पंपाची तक्रार असेल तर टोन वाजल्यावर विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि काय झालंय ते सांगा.’

विंग आधी, नाव नंतर. घाबरलेला माणूस नावापासून सुरुवात करतो आणि पत्ता सांगायच्या आधी फोन ठेवतो. दवाखान्याच्या वाक्यात १०८ घाला. वीज गेल्याची तक्रार महावितरणकडे, १९१२ वर. तिचा निरोप सेक्रेटरीला पाठवून सेक्रेटरीनं काय करायचं? आवाज तुमच्यातल्याच कोणाचा तरी असू द्या, कॉम्प्युटरचा नको. निरोपाची कमाल लांबी एक मिनिट ठेवा आणि चार सेकंदांपेक्षा छोटे निरोप टाकून द्या, नाहीतर फोन आदळल्याचे आवाज रात्रभर सगळ्यांना ऐकायला मिळतात.

कमिटीला सगळ्या २०० फ्लॅटना एकच निरोप द्यायचा असेल तर? म्हणजे ‘उद्या पाणी नाही’ वगैरे.

ही उलटी दिशा आहे आणि इथे नियम लागतात. ठाण्याला पाणी पुरवणाऱ्या स्टेमचा शटडाउन जाहीर झाला की प्रत्येक सोसायटीला हे सुचतं. आपल्याच सभासदांना पाण्याची सूचना आणि अनोळखी लोकांना मालाची जाहिरात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण साध्या दहा आकडी नंबरावरून शेकडो रेकॉर्डेड कॉल सुटले तर कंपनीच्या यंत्रणेला ते सारखेच दिसतात. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका ठरलेली आहे, बँका आणि सरकारी यंत्रणांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची. नोंदणी नसताना जाहिरातीचे कॉल करणाऱ्यांच्या सगळ्या लाइन तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश ट्राय या दूरसंचार नियामकानं ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांना दिला. त्यामुळे हे काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करा, आणि त्या सूचनेला ‘सोबत आमच्याकडे फ्लॅट विकत-भाड्याने’ असलं शेपूट लावू नका. एका सभासदानं नको असलेल्या कॉलच्या तक्रारीसाठीच्या १९०९ वर तक्रार केली तरी निस्तरत बसावं लागतं.

एसएमएसमध्ये रेकॉर्डिंगची लिंक पाठवली, कोणालाच मिळाली नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर करून न घेतलेली लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस अडवले जातात. यंत्रावरून जाणाऱ्या एसएमएसला डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची व्यवस्था) संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, तिन्ही मंजूर लागतं, आणि लिंक असेल तर तीही. मी सोसायट्यांना लिंक घालूच देत नाही. ‘नवीन तक्रार, बी विंग, पेटी ऐका’ एवढं पुरतं.

मराठीत पाठवणार असाल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, इंग्रजीत १६०. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे ‘सेक्रेटरी’ या एका शब्दाला नऊ. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येकात ६७, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे.

ई-मेलला जोडलेलं रेकॉर्डिंग फार मोठं होतं का?

साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी, जीएसएम पद्धतीने दाबलेल्या फाइलला सुमारे १०० केबी. मेलसाठी दुसरी पुरे. आवाज टेलिफोनसारखा येतो, आणि तो टेलिफोनच आहे.

ॲस्टेरिस्क स्वतःच बसवतोय. निरोप आल्यावर मोबाइल वाजवायचा कसा?

निरोप ठेवून झाला की ॲस्टेरिस्क तुम्ही दिलेली एक छोटी स्क्रिप्ट चालवू शकतं. त्या स्क्रिप्टनं प्रत्येक नंबरासाठी एक कॉल फाइल बनवून आउटगोइंग फोल्डरमध्ये ठेवायची, ॲस्टेरिस्क ती उचलून फोन लावतं. फाइल थेट त्या फोल्डरमध्ये लिहू नका. दुसरीकडे पूर्ण लिहा आणि मग तिकडे हलवा. नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल वाचली जाते आणि कधी फोन लागतो, कधी नाही, असा न सापडणारा भुताटकीचा बिघाड तयार होतो.

वीज गेली तर?

यंत्र ऑफिसात असेल तर यूपीएस लावा, आणि फक्त पीबीएक्सला नाही तर फायबरच्या डब्याला आणि राउटरलाही. बहुतेक जण तेच विसरतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा यूपीएसवर ऐटीत चालू असलेली पीबीएक्सं मी पाहिली आहेत. राउटर मेलेला, बाहेर फोन कुठून जाणार?

पेटीचा पासवर्ड १२३४ आहे, बदलायला हवा का?

आत्ता. वाचन थांबवा, बदलून या. सोपा पासवर्ड असलेल्या पेटीत शिरून बाहेर परदेशात फोन लावणाऱ्या टोळ्या असतात, सहसा शनिवार-रविवारी. बिल तुमच्या नावावर. आयएसडी बंदच करून ठेवा, प्लंबर परदेशात राहत नाही.

खर्च कशाचा येतो?

क्लाउडमध्ये महिन्याचं भाडं आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे. एका निरोपामागे सहा फोन जात असतील तर सहा कॉल, हे कोटेशन बघताना लक्षात ठेवा. टप्पे आणि ‘१ दाबा’ लावल्यावर हे निम्म्यावर येतं.

यादी एकदा भरली की पुन्हा बघावी लागते का?

सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायटीची वार्षिक सभा होते, तेव्हा दर वर्षी बघा. कमिटी बदललेली असो वा नसो. खारघरच्या एका सोसायटीत पाण्याच्या तक्रारी कोणी उचलतच नाही म्हणून मला बोलावलं. सिस्टीमच्या नोंदीत प्रत्येक निरोप पहिल्या दोन मिनिटांत ‘स्वीकारला’ म्हणून दिसत होता. पहिल्या टप्प्यातला नंबर माजी सेक्रेटरींचा होता. फ्लॅट विकून ते दीड वर्षापूर्वी पुण्याला गेले होते. रात्री फोन वाजला की जुन्या सवयीनं १ दाबायचे आणि कूस बदलायचे. मी फोन केला तेव्हा म्हणाले, ‘अहो, मला वाटलं १ दाबला की बंद होतं.’ त्यांचा नंबर काढला, नव्या सेक्रेटरींचा घातला आणि तिथेच उभं राहून एक खोटी तक्रार ठेवून पाहिली. दुसऱ्या रिंगला उचलला.